कात्रीची बहीण

शनिवारची संध्याकाळ झाली की आक्काच्या लाँड्रीत कपडे कमी आणि माणसं जास्त. भिंतीला मोठा टीव्ही टांगलेला, त्याच्या खाली दोन लाकडी बाकं, आणि आत बॉयलर चालू असल्यामुळे जागा उबदार. कुणी शर्टाचं निमित्त काढून यायचं, कुणी निमित्तही न काढता. गाण्याची स्पर्धा सुरू झाली की जो तो परीक्षक. ज्याला अंघोळीतसुद्धा दोन ओळी धड गुणगुणता येत नाहीत, तोही मान हलवून म्हणायचा, "वरचा सूर जरा घसरला हं."

टीव्हीवरच्या खऱ्या परीक्षकांत तिघं होते. दोघांची नावं कुणी लक्षात ठेवली नव्हती. तिसरा मात्र सगळ्यांच्या तोंडी. तो गाणं संपेपर्यंत गप्प बसायचा, मग चष्मा काढून पुसायचा आणि असं काही बोलायचा की समोरच्याला रडू फुटायचं आणि घरोघरी माणसं पोट धरून हसायची. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं कात्री. हा कात्री म्हणजे आक्काचा सख्खा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला. याच लाँड्रीच्या मागच्या खोलीत, कपड्यांच्या गाठोड्यांत बसून तो गायला शिकला.

"आक्का, तुझ्या भावाच्या जिभेला हाड नाही बघ," शेजारचा बेकरीवाला म्हणायचा.

"हाड कुणाच्याच जिभेला नसतं," असं म्हणून आक्का कॉलरीवर इस्त्री फिरवायची. मनातून तिला बरंच वाटायचं. कात्रीची बहीण म्हणून चार लोक ओळखत होते, कामही चार पैशांनी वाढलं होतं.

त्या वर्षी मात्र स्पर्धेत गल्लीतलीच मुलगी निवडली गेली. अंगानं बारीक, म्हणून तिला लहानपणापासून सगळे चिमणी म्हणायचे. तिचा बाप रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या आपल्या क्रेनच्या ट्रकला टोचन लावून गॅरेजपर्यंत ओढून न्यायचा, म्हणून त्याचं नावच टोचन पडलं होतं. दाराएवढा उंच, हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. मुलगी म्हणजे त्याचा जीव की प्राण. चिमणी पहिल्या फेरीतून पुढं गेली, तेव्हा हा गडी ट्रकच्या केबिनमध्ये काचा वर करून रडला होता. गल्लीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्या शनिवारी चिमणीबरोबर तिची आई गेली होती. टोचन कामावर होता. ट्रक लाँड्रीसमोर उभा करून तो बाकावर येऊन बसला.

चिमणी गायली. पहिलं कडवं असं गायली की बेकरीवाल्यानं तोंडातला घास गिळायचं थांबवलं. दुसऱ्या कडव्यात ती वर चढली आणि वर गेल्यावर तिचा पाय निसटला. क्षणभरच. लगेच सावरली, पण निसटला तो निसटला. आक्काच्या हातातली इस्त्री थांबली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही.

दोन परीक्षकांनी कौतुक केलं. मग कात्रीनं चष्मा काढला.

"बाळ, तुझे वडील बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतात ना?"

"हो सर." चिमणी हसली. बाबांचा विषय निघाला म्हणून तिला बरं वाटलं असावं.

"मग त्यांना फोन लाव. हे गाणं दुसऱ्या कडव्यात बंद पडलंय. टोचन लावून घरी घेऊन जा म्हणावं."

तिकडं सगळं सभागृह हसलं. कॅमेरा चिमणीच्या आईवर गेला. तिला नीट ऐकू आलं नव्हतं की काय कोण जाणे, सगळे हसतायत म्हणून तीही हसली. ते हसू पडद्यावर बराच वेळ राहिलं. मग निकाल लागला आणि चिमणी बाहेर पडली.

लाँड्रीत एकदम सगळेच बोलायला लागले.

"विकला गेलाय हा! आतून सगळं ठरलेलं असतं."

"त्या दुसऱ्या पोरीचा बाप श्रीमंत आहे, तिला बरं सोडलं!"

"ह्याला स्वतःला तरी गाता येतं का? दहा वर्षांत एक गाणं चाललं नाही."

"आक्का," बेकरीवाला म्हणाला, "हे तुझ्याच घरचं रत्न."

टोचन टीव्हीकडंच पाहत होता. तिथं आता कुठल्याशा साबणाची जाहिरात लागली होती.

आक्काचा नवरा म्हणजे बॉयलरच्या खोलीतला माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बायकोच्या माहेरच्यांविषयी त्यानं जन्मात एक शब्द काढला नव्हता. तो हात पुसत बाहेर आला आणि अगदी न्यायाधीशाच्या शांतपणानं म्हणाला, "बोलणं वाईटच होतं त्याचं. पण खरं सांगायचं तर सूर गेला होता."

आयुष्यभर तोंड मिटून बसलेल्या माणसानं तोंड उघडलं, ते नेमकं नको तेव्हा.

टोचन उठला. आक्काला वाटलं, तो निघाला. त्यानं तिच्या नवऱ्याच्या तोंडावर एकच ठोसा मारला. दात तुटल्याचा आवाज आक्कानं ऐकला. ओला कपडा फरशीवर आपटावा तसा तो माणूस खाली पडला. टोचननं त्याला कॉलर धरून उचलला आणि परत मारला. आक्का मागून त्याच्या पाठीला लटकली, "अरे सोड, मरेल तो!" पण त्यानं खांदा असा उडवला की ती कपड्यांच्या टोपलीवर जाऊन आदळली. मग त्यानं टेबलावरची इस्त्री उचलली. आक्कानं डोळे मिटून घेतले. इस्त्री गेली ती टीव्हीत. काच सगळ्यांच्या अंगावर पडली, आणि टोचन कुणाकडंही न बघता बाहेर जाऊन ट्रक सुरू करून निघून गेला.

"बघितलंस?" बेकरीवाला केसांतली काच झटकत म्हणाला. म्हणजे नेमकं काय बघायचं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कानं भावाला फोन केला. त्यानं आधी दाजींची चौकशी केली. ती खरंच केली, त्याला दाजींविषयी माया होती. मग म्हणाला, "आक्का, ती वाक्यं मला लिहून देतात गं. मी नाही बोललो तर दुसरा कुणी बोलेल."

"तू ये आणि त्या माणसाची माफी माग."

"बघतो."

"बघतो नको. ये."

"येतो म्हटलं ना," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. तो आला नाही.

लाँड्रीकडं कुणी फिरकेना. शटरवर रात्रीतून कुणी शेण फासलं, कुणी काळ्या रंगानं 'कात्री' लिहिलं. ज्या तोंडांनी इतकी वर्षं कात्रीचे टोमणे एकमेकांना रंगवून सांगितले होते, तीच आता आक्का दिसली की थुंकत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. नवऱ्याचे पुढचे दात गेले होते, तो पेल्यातून पातळ काही पीत बॉयलरपाशी बसून राही. आक्कानं त्याला विचारलं, "कशाला बोललात हो?" तो बोळक्या तोंडानं म्हणाला, "खलंच गेला होता." तिला हसू आलं आणि हसता हसता ती ओक्साबोक्शी रडली.

मंगळवारी दुपारी चिमणी घरी परतली. आल्या आल्या खोलीत शिरून तिनं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तिची आई औषधाच्या दुकानाकडं धावत जाताना कुणीतरी पाहिली. पोरीला ताप होता, बाकी काही नव्हतं. पण गल्लीच्या या टोकाला तापाचं विष झालं आणि त्या टोकाला जाईपर्यंत चिमणी गेलीसुद्धा.

टोचनला हे रस्त्यावर कळलं, घरापासून हाकेच्या अंतरावर. ट्रकभोवती माणसं जमली होती, बेकरीवाला पुढं. "तुझ्या पोरीनं काहीतरी पिऊन घेतलंय! त्या कात्रीनं मारली तिला!" आधी घरी जाऊन बघावं, हे त्या बापाला सुचलं नाही. रागाला पाय असतात, डोळे नसतात. त्यानं ट्रक वळवला तो थेट लाँड्रीवर.

गलका ऐकून आक्कानं शटर आतून ओढून घेतलं होतं. बाहेर साखळी खळखळली. ती काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. टोचननं ट्रकचा आकडा शटरच्या कडीत अडकवला होता. ट्रक गुरगुरला, पुढं गेला, आणि अख्खं शटर चौकटीसकट भिंतीतून उपटून निघालं. विटा पडल्या, धूळ उडाली, आणि दुपारचं ऊन एकदम आत आलं. उन्हाच्या मागून माणसं आली.

हँगरवरचे कपडे त्यांनी ओढून फाडले. निम्मे त्यांचेच होते. एका बाईनं स्वतःच्याच पोरीचा गणवेश पायाखाली तुडवला. कुणी काउंटर उलटा केला, कुणी बाटल्या भिंतीवर फोडल्या. बेकरीवाल्यानं आणि आणखी एकानं आक्काच्या नवऱ्याला बॉयलरच्या खोलीतून फरपटत आणलं. "हाच तो! हाच म्हणाला सूर गेला!" त्यांनी त्याचा उजवा हात कपड्यांच्या मोठ्या प्रेसवर ठेवला आणि वरचं तापलेलं झाकण खाली ओढलं.

त्या माणसाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आक्कानं कधी कुठल्या जनावराचाही ऐकला नव्हता. ती वळली. तिला एवढंच दिसलं की प्रेसच्या झाकणावर टोचनचा फावड्यासारखा हात आहे. डाग काढायची वाफेची नळी तिच्या हाताशीच होती. तिनं खटका दाबला आणि नळी सरळ त्याच्या तोंडावर धरली.

टोचन दोन्ही हातांनी चेहरा धरून गुडघ्यावर बसला. आक्कानं नळी सोडली नाही. ती बेकरीवाल्याकडं वळवली, तो कोपरांनी तोंड झाकत मागं पळाला. ती ज्याच्या त्याच्या अंगावर वाफ सोडत पुढं पुढं गेली, घसा फाटेस्तोवर ओरडत होती, "या! या ना! बोला आता, कुणाचा सूर गेला?" तिच्या समोरची माणसं दारातून बाहेर कोंबली गेली. आपण काय ओरडतोय याची तिला शुद्ध नव्हती.

आणि त्या गर्दीतून उलट्या दिशेनं चिमणी आत शिरली. अनवाणी, तापानं लाल. "बाबा! मला काही झालेलं नाही! थांबा सगळे!" तिचा आवाज स्पष्ट होता, ठणठणीत होता, आणि कुणीही ऐकला नाही. ती आक्का आणि दार यांच्या मधे येऊन उभी राहिली. त्याच वेळी बाहेरून कुणीतरी आक्काला मारलेली वीट आत आली.

वीट चिमणीच्या जबड्यावर बसली. पोरगी ओरडलीही नाही, नुसती बसली. तिच्या तोंडातून रक्ताबरोबर काहीतरी पांढरं खाली पडलं.

बाहेरचा गलका असा थांबला, जणू कुणी बटण बंद केलं. मग पळापळ. एका क्षणात गल्ली मोकळी झाली, नुसते फाटके कपडे आणि एकेका पायातल्या चपला उरल्या.

वाफेची नळी जमिनीवर फुसफुसत होती. आक्कानं ढिगातून एक ओली चादर ओढली, चिमणीची हनुवटी खालून बांधली. दुसरी चादर नवऱ्याच्या हातावर टाकली. झाकण कुणी उचललं होतं, हा प्रश्न तेव्हा तिच्या मनात आला नाही. नवरा दातांच्या फटीतून म्हणाला, "तिला ने. मी आहे."

टोचन उठला होता. चेहऱ्याची अर्धी बाजू लालभडक, एक डोळा मिटलेला. त्यानं मुलीला उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि आक्काकडं पाहिलं. "डोकं धर तिचं. मला एका डोळ्यानं चालवता येईल, दोन हात मात्र लागतील."

आक्का चढली. ट्रक निघाला. साखळी सोडायचं कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. अख्खं शटर मागून रस्त्यावर आदळत, ठिणग्या उडवत ओढलं जात होतं, गाड्या बाजूला पळत होत्या, आणि केबिनमध्ये आक्का चिमणीचं डोकं छातीशी घट्ट धरून बसली होती. रक्त चादरीतून तिच्या मांडीवर उतरत होतं. ज्या माणसाचं तोंड तिनं भाजलं, तो शेजारी कण्हत गिअर टाकत होता. कुणी कुणाशी बोललं नाही. बोलायला एकच माणूस योग्य होतं आणि त्याचा जबडा मोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री आला. दवाखान्याच्या लांबच्या लांब ओसरीत आक्का बसली होती, आत टोचनच्या पट्ट्या बदलत होते. भाऊ तिच्यापाशी वाकला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आक्का, हे काय होऊन बसलं?" त्याच्या मागं एक जण कॅमेरा घेऊन उभा होता.

"हा कोण?"

"आमचाच आहे. ऐक ना, आपण एक विशेष भाग करू. ती मुलगी, तिचे वडील, मी. मी सगळ्यांसमोर माफी मागतो. लोकांना..."

"माग ना. आत आहे तो. हा माणूस इथं थांबेल."

कात्री थोडा घुटमळला. मग लहानपणी चुकीचा हिशेब पटवून द्यायचा तसा गोड आवाज काढून म्हणाला, "अगं, कॅमेऱ्याशिवाय मागितलेली माफी कुणाला कळणार?"

आक्कानं त्याच्या कानाखाली वाजवली. त्याचा चष्मा उडाला. दुसरी मारली. मग तिनं दोन्ही मुठींत त्याचे केस धरले आणि ज्या डोक्याला तिनं वर्षानुवर्षं तेल लावलं होतं, ते भिंतीवर आपटलं. एकदा, परत एकदा. तो "आक्का, आक्का" म्हणत होता, अगदी पूर्वीच्याच आवाजात, आणि त्या आवाजानं तिचा हात थांबायच्या ऐवजी आणखी चालला. नाकातून रक्त आलं तरी ती मारत होती. पहिल्या थपडेत राग होता. नंतरच्या माराची तिला गोडी लागली, आणि ते कळलं तेव्हा तिची तिलाच भीती वाटली. दवाखान्याच्या माणसांनी तिला मागं ओढलं. कॅमेरेवाल्यानं सगळं टिपलं होतं. त्याच्यावर मात्र कुणी हात टाकला नाही.

पोलिसांनी तिला ठाण्यात नेऊन बसवलं. दुपारी टोचनलाही जबाबासाठी आणलं, अर्ध्या तोंडाला पांढरी पट्टी. बाक एकच होतं. तो तिच्याशेजारी, मधे जागा सोडून बसला. पंखा करकरत होता.

तो म्हणाला, "मी त्याचा हात सोडवायला आलो होतो. झाकण वर उचलत होतो मी."

सकाळी दवाखान्यात पट्टी बांधलेल्या नवऱ्यानं आक्काला तेच सांगितलं होतं. तिनं आधी ते तापातलं बरळणं समजलं होतं.

"तुझा डोळा?" तिनं विचारलं.

"बघू म्हणतात."

"मला दिसलं नाही रे."

"कुणालाच दिसलं नाही." पट्टी नसलेली बाजू तिच्याकडं वळवून तो म्हणाला, "आक्का, खरं सांग. पोरीचा सूर गेला होता का?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. जिभेवर आलंही होतं. "हो," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्यात. जरासा गेला होता."

टोचननं मान हलवली. "मग तेवढंच सांगायचं होतं त्यानं. मी तिला घरी आणली असती."

पुढं दोघांनीही एकमेकांवरच्या तक्रारी मागं घेतल्या. वीट कुणी मारली ते सापडलं नाही. गल्लीतल्या प्रत्येकानं शपथेवर सांगितलं की तो त्या वेळी घरी होता. बेकरीवाला दुकान विकून बहिणीकडं गेला. टोचनचा डावा डोळा कायमचा गढूळ झाला. त्याला ट्रक चालवायचा परवाना उरला नाही, ट्रकवर त्यानं ड्रायव्हर ठेवला. आक्काच्या नवऱ्याची तीन बोटं वाकतच नव्हती. आक्कानं भावाला मारतानाचं चित्रण टीव्हीवर इतक्या वेळा दाखवलं की कात्रीचं नाव आणखीच झालं. लोकांची मतं पुन्हा दोन तट पडून वाहायला लागली. निम्मे म्हणत बहिणीनं बरं केलं, निम्मे म्हणत बिचारा भाऊ. आक्कानं त्याचा फोन परत उचलला नाही. लाँड्रीत टीव्ही लावला नाही.

चिमणीचे दात तारेनं बांधून ठेवले होते. ती तार काढल्यावर काही दिवसांनी ती एकटीच लाँड्रीत आली. तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नव्हतं. हनुवटीची एक बाजू कायमची आत गेली होती. आक्का पुढं धावली, पण पोरीनं हात वर करून तिला तिथंच थांबवलं.

"मावशी, मला स्टेजवरच कळलं होतं," ती म्हणाली. शब्द दातांमागून दाबून निघत होते. "सूर गेला ते. लागलं मनाला, नाही असं नाही. पण गाडीत बसल्याबसल्या मी ठरवलं होतं की आता पहिल्यापासून शिकायचं. ताप उतरला की शिकवणाऱ्या बाईंकडं जाणार होते." तिनं एक दीर्घ श्वास घेतला. "तुम्ही सगळे माझ्यासाठी भांडलात. मला एकानंही विचारलं नाही."

"बस ना," आक्का म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको." चिमणीनं दारापाशी टांगलेला बापाचा धुतलेला शर्ट काढून घेतला, त्याची घडी काखेत मारली. बाहेर रस्त्याच्या पलीकडं टोचन उभा होता. तो आत आला नाही, आक्काकडं त्यानं पाहिलंही नाही. मुलगी त्याच्या गढूळ डोळ्याच्या बाजूला गेली, त्याचा हात धरून त्याला येणाऱ्या गाडीपासून जरा आत ओढलं, आणि दोघं चालायला लागले.